भैरवीनंतरची १९ मिनिटं

आज दुपारी आत्याला माझं गाणं ऐकवलं. सगळे भाग जोडून, सलग, पहिल्यांदाच. ती दिवाणावर मांडी घालून बसली होती, माझे मोठे हेडफोन कानांवर, डोळे मिटलेले. कोमल रिषभ लागला तसा तिचा उजवा हात गुडघ्यावरून जरासा उचलला गेला. मला वाटलं, जमलं. मग आवाज षड्जावर येऊन थांबला. आत्यानं डोळे उघडले, हेडफोन काढले, वायरची नीट गुंडाळी करून उशीवर ठेवली आणि पायानं चपला चाचपडत म्हणाली, "छान झालं गं. चहा टाकते."

स्क्रीनवर ४ मिनिटं १२ सेकंद दिसत होते. गाणं २३ मिनिटांचं आहे. उशीवरच्या हेडफोनमधून दुसऱ्या भागाचा ठेका बारीक ऐकू येत होता, कुणीतरी भिंतीपलीकडे नखानं पत्रा वाजवावा तसा.

"आत्या, अजून आहे."

"अगं, भैरवी झाली की."

एवढंच म्हणाली. रागावली नव्हती, कंटाळलीही नव्हती. कंटाळली असती तर मला कळलं असतं, आणि तेही चाललं असतं. ती निवांत, समाधानानं उठली. मैफल संपल्यावर माणूस उठतो तशी. आणि मला तेच लागलंय.

दोन वर्षं झाली या गाण्याला. ऑफिसच्या आधी पहाटे ५ ते ७. सुरुवात खोडदला झाली, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथली रेडिओ दुर्बीण बघायला आम्ही गेलो होतो तेव्हा. ४५ मीटर व्यासाची ती जाळीदार तबकडी, अशा एकूण ३०, आणि आजूबाजूला शेतं. परतताना नारायणगावात थांबलो. तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या सुपाऱ्या तिथूनच ठरतात. आकाश ऐकणारं गाव आणि रात्रभर वग रंगवणारी माणसं एकाच रस्त्यावर, हे मनातून जाईना. मन्या तेव्हा कॅनडाच्या रश बँडच्या '२११२' या गाण्याबद्दल भरभरून बोलत होता. १९७६चं, सात भागांचं, वीस मिनिटांचं, एलपीची अख्खी एक बाजू व्यापणारं, आणि गोष्ट भविष्यातली. मला वाटलं, लांबलचक गोष्ट गाण्यातून सांगायला आपल्याला कुणी शिकवायला नको. पोवाड्याचे चौक आहेत, कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंग आहे, वग तर पहाटेपर्यंत चालतो. फक्त अवकाशात कुणी गेलं नव्हतं.

खरं तर गेलं होतं. गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई. १९७७ साली नासानं दूर अवकाशात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली. तिच्यात जगभरातलं २७ तुकड्यांचं संगीत, आणि त्यात केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी, 'जात कहाँ हो'. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. या दोन तारखा मी एका चिठ्ठीवर लिहून कीबोर्डच्या वर चिकटवल्या आहेत. मधले ११ दिवस रोज पहाटे बघते.

गोष्ट तिथूनच सुचली. सुमारे ४०,००० वर्षांनी हे यान ग्लीझ ४४५ नावाच्या ताऱ्यापासून दोन प्रकाशवर्षांच्या आतून जाईल. तिथं कुणीतरी आहे असं मी धरलं. त्यांना ती तबकडी सापडते. सुई नेमकी भैरवीवर पडते. भैरवी शेवटी गातात हे त्यांना कोण सांगणार? ते समजतात की ही सुरुवात आहे. आणि पुढचं ऐकायला बसून राहतात. पिढ्यान् पिढ्या. पाचव्या भागात ते पुढचं गाणं मागायला निघतात आणि खोडदच्या तबकड्यांना त्यांची हाक ऐकू येते.

पहिल्या भागातली भैरवी माझी आहे, केसरबाईंच्या रेकॉर्डला मी हात लावलेला नाही. दुसऱ्या भागाची लय आकाशातून घेतली. बी०३२९+५४ हा एक ठळक पल्सार आहे, म्हणजे स्वतःभोवती फिरत ठरावीक अंतरानं रेडिओ ठोके देणारा तारा. दर ०.७१४५ सेकंदाला एक ठोका देतो, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ८४. मेट्रोनोम ८४वर लावला त्या पहाटे मी बराच वेळ काही वाजवलंच नाही. नुसती ऐकत बसले. तिसऱ्या भागाचे शब्द सहा वेळा बदलले. चौथा अजून मला पुरता पटलेला नाही.

आणि आत्या ४ मिनिटं १२ सेकंदांना उठली.

मन्यानं मागेच सांगितलं होतं की तीस सेकंदांचा तुकडा काढ, लोक तेवढंच ऐकतात. त्यावरून आमचं जे झालं ते झालं. पण लोकांचं मी मनाला लावून घेतलं नव्हतं, कारण आत्या होती. गाणं समजणारं एक माणूस घरात आहे या भरवशावर मी पहाटे उठत होते. कुणाला वेळ नाही, कुणाला पल्सार कळत नाही, कुणाला मराठीत हे असलं हवं कशाला असं वाटतं, हे सगळं मी दोन वर्षं झेललं. दुपारी चहा पिताना मात्र ते घशाशी आलं. बाबा असते तर, हे लिहायला घेतलं होतं, खोडलं.

व्हॉयेजर १चा संदेश पृथ्वीवर पोचायला आता २३ तासांहून जास्त लागतात. माझी २३ मिनिटं त्यापुढं काय आहेत? गाणं सुरू होताना एखादा रेडिओ संदेश सोडला तर गाणं संपेपर्यंत तो गुरूपर्यंतसुद्धा पोचत नाही. एवढ्याशा वेळासाठी माणूस बसू नये?

संध्याकाळी दिवे लागल्यावर कपडे घड्या करत होते आणि एकदम हात थांबला. आत्या चुकली कुठे? भैरवी झाली की उठायचं हे तिच्या अंगात साठ वर्षं मुरलेलं आहे. मला ते माहीत होतं, माझी अख्खी गोष्ट त्यावर उभी आहे. भैरवी म्हणजे शेवट हे ज्यांना माहीत नाही त्यांच्याबद्दल मी दोन वर्षं विचार केला. ज्यांना माहीत आहे ते काय करतील याचा एकदाही केला नाही. ते उठणारच. आत्यानं उठून मला दाखवलं की माझी भैरवी भैरवीसारखी झाली आहे. वाईट वाटणं गेलं नाही, पण त्याची बैठक जरा बदलली.

आत जाऊन विचारलं, "आत्या, भैरवी झाल्यावर काय काय व्हायचं गं?"

तिला प्रश्नाचं नवल वाटलं, पण खुलली. तंबोरे आडवे ठेवायचे. पेटीचा भाता बंद. कुणीतरी बुवांच्या पाया पडायला पुढे. दाराशी चपलांचा गोंधळ, शेवटच्या लोकलची घाई, पोरं सतरंज्या झटकायला लागायची. "आणि एखादा असायचा बघ," ती म्हणाली, "उठायचाच नाही. बसलेला तसाच. सतरंजी त्याच्याखालून ओढून काढावी लागायची."

मी तिच्याकडे बघतच राहिले. दोन वर्षं ज्यांना ग्लीझ ४४५पाशी शोधत होते, त्यांतला एक गिरगावातल्या सतरंजीवर बसलेला होता.

पहिल्या आणि दुसऱ्या भागात मी अर्ध्या सेकंदाची फट ठेवली होती. तिथं हे सगळं यायला हवं. उठणारी माणसं, चपला, झटकलेली सतरंजी, हळूहळू रिकामी होणारी खोली. आणि शेवटी जो उठला नाही त्याच्या कानात ८४चा ठोका.

आत्याचा तानपुरा कोपऱ्यात उभा असतो. त्या वर्षापासून तो फारसा निघत नाही. मी विचारलं, "याला गवसणी कशी घालतात, दाखवशील?" माईक जमिनीवर ठेवला. तिनं गवसणी काढली, तानपुरा मांडीवर आडवा घेतला, तारांवरून पदर फिरवून धूळ टिपली आणि भोपळ्याकडून कापड वर सरकवत आणलं. कापड खर्जाच्या तारेला घासलं तशी तार बोलली. आत्यानं तळहातानं तिला गप्प केलं आणि नाडी ओढून गाठ मारली.

मग माईककडे लक्ष गेलं तिचं.

"हे रेकॉर्ड करत होतीस?"

"दुसऱ्या भागाची सुरुवात आहे, आत्या."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग गाठ सोडायला लागली.

"थांब, परत घालते. नाडी नीट बसली नव्हती."