वाळूची रायफल : नोंद चौथी

रानात अडकलेल्या माणसासाठीच्या छोट्या रायफलींची यादी मी करतोय. मागच्या नोंदीअखेर तिच्यात तीन नावं उरली होती. हेन्रीची एआर-७, रुगरची १०/२२ टेकडाउन आणि मार्लिनची पपूस. तिन्ही .२२ लाँग रायफल काडतुसाच्या, तिन्ही सुट्या करून सॅकमध्ये मावणाऱ्या. पुण्यात बसून यातली एकही माझ्या हाती लागणार नाही, हे मला माहीत आहे. घरच्यांना तर जरा जास्तच माहीत आहे. पण रानात अडकलेल्या माणसाजवळ छोटी बंदूक असावी तर कशी, हे कोडं सोडवायला लायसन्स लागत नाही.

या महिन्यात रायफलींच्या वजना-लांबीची वाळूची नक्कल करून पाठीवर घेतली. बोहरी आळीतून अडीच इंची पीव्हीसी पाइप आणला, कापला, वाळू भरून दोन्हीकडून बुचं मारली. पहिला तुकडा ४२ सेंटिमीटर, १.६ किलो, म्हणजे एआर-७. दुसरा जोड दोन तुकड्यांचा, लांब तुकडा साधारण ५० सेंटिमीटर, एकूण २.१ किलो, म्हणजे टेकडाउन. पपूससाठी तिसरा पाइप कापायचा आळस केला. पाइपांना बंदुकीचा आकार मात्र मुद्दाम दिला नाही. नसरापूरच्या चौकात कुणी सॅक उघडायला लावली असती तर वाळूचं स्पष्टीकरण देणं तसंही अवघडच होतं.

गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगड, दोन रविवार, एकेकदा एकेक पाइप. अर्ध्या किलोचा फरक पाठीला कळलाच नाही. आठ सेंटिमीटरचा कळला. चोर दरवाजाखालच्या कातळावर रेलिंग धरून वर बघायला मान उचलली की लांब पाइपचं टोक डोक्यामागे टक्‌ करून लागायचं. एआर-७वाला पाइप सॅकच्या पोटात गेला तो गेलाच, पद्मावती माचीवर पोचेपर्यंत त्याची आठवणही झाली नाही.

यात आश्चर्य नाही. एआर-७ आली १९५९ साली, यूजीन स्टोनर या अमेरिकी बंदूक-रचनाकाराच्या डोक्यातून. त्याआधी त्यानेच आर्मालाइट कंपनीत अमेरिकी हवाई दलासाठी .२२ हॉर्नेटची एआर-५ केली होती, ती एमए-१ म्हणून १९५६ साली स्वीकारली गेली. दोन्हींची कल्पना एकच : नळी आणि यंत्रणा सगळं पोकळ दस्त्यात भरायचं, वर झाकण लावायचं आणि पाण्यात पडलं तरी तरंगलं पाहिजे. हे सामान वैमानिकाच्या आसनाजवळच्या संचात मावायला हवं होतं. म्हणजे ही बंदूक मुळात चालणाऱ्या माणसासाठी नव्हे, बसलेल्या माणसासाठी आखलेली. याच जातीचं रशियन अपत्य म्हणजे अंतराळवीरांचं तीन नळ्यांचं टीपी-८२ पिस्तूल. १९६५ साली लिओनोव आणि बेल्यायेव यांचं यान पर्मच्या बर्फाळ जंगलात भलत्याच जागी उतरलं, त्या अनुभवातून ते पुढे आलं. त्याचा काढता दस्ता म्हणजे चक्क कोयता. मला विचाराल तर त्या सगळ्या सरंजामातली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच.

आता नेमाचा प्रश्न, आणि इथे माझं मत बदललं. मागच्या वेळी मी एआर-७ला झुकतं माप दिलं होतं. पण नेम धरायच्या तिच्या दोन खुणांपैकी (साइट्स) मागचं भोक यंत्रणेवर आहे आणि पुढची माशी नळीवर. नळी दर वेळी काढायची, घालायची, नट आवळायचा. नट जितका सारखा आवळला जाईल तितकाच नेम सारखा. टेकडाउनच्या मूळ रचनेत दोन्ही साइट्स नळीवरच असतात, त्यामुळे जोड थोडा ढिला बसला तरी साइट आणि नळी यांचं नातं बिघडत नाही. (दुर्बीण यंत्रणेवर बसवलीत की हा फायदा गेला.) दुसरी गोष्ट, कोणत्याही रायफलीच्या दोन साइट्समधलं अंतर : जितकं जास्त तितकी चूक कमी. डोळ्याची चूक ०.२ मिलिमीटरची धरली तर ४० सेंटिमीटर अंतराला ५० मीटरवर गोळी २५ मिलिमीटर सरकते, ६० सेंटिमीटरला १७. सशाचं डोकं केवढं असतं ते आठवून बघा.

हलकेपणाचीही किंमत आहे. सासवडजवळ मामाच्या शेतात, अंजिराच्या बागेपलीकडच्या उंच बांधासमोर, माझी .१७७ची स्प्रिंगवाली एअर रायफल घेऊन बसलो. २५ मीटर, उभ्याने, पाच-पाच छर्‍यांचे सहा गट. नुसत्या रायफलने गट चहाच्या बशीएवढे. मग नळीखाली सातशे ग्रॅम वाळूची पिशवी बांधली, तर कपाच्या तोंडाएवढे. पॅरिसला २०२४ साली आपल्या स्वप्नील कुसाळेने ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन नेमबाजीत कांस्य घेतलं, तिथे रायफल आठ किलोपर्यंत चालते, ते उगाच नाही. दमलेल्या, भुकेल्या माणसाच्या हातात दीड किलोची रायफल म्हणजे वाऱ्यावरची काडी. झाडाचा टेका घ्यावाच लागणार. मामा म्हणाला, “एवढ्यासाठी वाळू बांधतोस? माळ्यावरून गोफण मारून दाखव आधी.” दाखवली. दगड मागे गेला.

काडतुसाबद्दल थोडक्यात. ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी, साध्या वेगाला ताकद १४० ज्यूलच्या आसपास. शंभर काडतुसं साडेतीनशे ग्रॅमच्या आत, हीच खरी .२२ची जादू. ५० मीटरवर नेम लावला तर १०० मीटरवर गोळी जवळजवळ वीतभर खाली जाते, म्हणून पन्नासच्या पुढे हावरेपणा नको. ऑटोलोडिंग, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी एआर-७ काडतुसांच्या बाबतीत नखरेल आहे, मंद काडतुसांवर अडखळते. हाताने खटका ओढून भरायच्या बोल्ट किंवा एकबारी रायफलीला असलं काही नाही, जे घालाल ते उडवते. त्यामुळे यादीत चौथं नाव घालतोय : साधी, उघडमिट होणारी एकबारी .२२.

कायद्याचं दरवेळी विचारता म्हणून. .२२ला लायसन्स हवंच. .१७७ची २० ज्यूलच्या आतली एअर रायफल त्यातून सुटते. शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, त्यामुळे राजगडावर ससा दिसला तर फोटो काढायचा. आणि नुसत्या सशावर जगणारा माणूस खंगतो हेही ध्यानात असू द्या. उत्तरेकडच्या शिकाऱ्यांना ते चांगलं ठाऊक होतं. चरबी नाही, नुसतं प्रथिन, खाऊनही उपाशी.

दुसऱ्या रविवारी उतरताना पाणी संपलं. एप्रिलचं ऊन, दुपारचा दीड, सॅकमध्ये २.१ किलो वाळू. गुंजवण्यात हापशावर तोंड धुतलं आणि बुचं काढून दोन्ही तुकडे तिथेच रिकामे केले. पाइप मात्र घरी आणलेत. पुढच्या रविवारी त्यातल्या लांब तुकड्यात पाणी भरून तोच चढ पुन्हा.