‘घर’ नावाचा नंबर

बेळगावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत मी मेडिकल सोशल वर्कर आहे. अपघाताचा पेशंट आला की डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद करतात, आवारातल्या पोलीस चौकीला कळवतात, आणि चौकीतला पोलीस ज्या हद्दीत अपघात झाला त्या ठाण्याला. घरच्यांना निरोप देणं हेही पोलिसांचंच काम. पण आमच्या भागात ते एकट्या पोलिसाला जमत नाही. पुणे-बेंगळूर हायवे कोगनोळीजवळ आमच्या जिल्ह्यात शिरतो आणि कित्तूरच्या पुढे बाहेर पडतो. चोर्ला घाटातून गोव्याची वाहनं येतात, सौंदत्तीला अर्धं कोल्हापूर येतं. जखमी माणसाच्या गाडीवर एमएच ०९ असतं, एमएच १० असतं, कधी एमएच ०७. चौकीतले पोलीस गदग, बागलकोट, विजापूरकडचे. मराठी त्यांना कामापुरती येते. आणि मध्यरात्री तिकडे फोन उचलणारी बाई आजऱ्याची नाहीतर सावंतवाडीची. म्हणून ते मला बोलावतात, “अक्का, थोडं बोला की.”

माझ्याकडे एक डायरी आहे. कागल, मुरगूड, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, जत, मिरज, दोडामार्ग, वाळपई अशा ठाण्यांचे थेट नंबर तीत लिहून ठेवलेत. बेळगावातून ११२ लावला तर कर्नाटकाचीच कंट्रोल रूम उचलते, तिथून पलीकडच्या राज्यात निरोप पोचेपर्यंत बराच वेळ जातो. थेट ठाण्याला लावलं तर ठाणे अंमलदार जागा असतोच.

मी सांगते ती रात्र मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेच्या दिवसांतली. सौंदत्तीच्या रेणुकेचं दर्शन घेऊन परतणारी एक कार बागलकोट रोडला, नेसरगीच्या अलीकडे, उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली होती. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. हंगामात हे दृश्य आमच्या प्रत्येक रस्त्यावर दिसतं. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, आणि अंधारात गाडीचा उजेड पडेपर्यंत काहीही दिसत नाही. दोन रुपयांची लाल चमकपट्टी चिकटवायला कुणाचे हात बांधलेत, हे मला आजवर कळलेलं नाही. त्या पट्टीविना आलेली किती माणसं मी स्ट्रेचरवर बघितलीत.

१०८ ने दोघांना आणलं. गाडी चालवणारा पंचेचाळिशीचा असेल, डोक्याला मार, बेशुद्ध. बरोबर त्याची आई. तिचं मनगट मोडलेलं, कपाळ फुटलेलं, पण बोलत होती. कपाळावरच्या रक्तात भंडारा मिसळून सगळा चेहरा केशरी झाला होता. मागोमाग एका टेम्पोतून दोन तरुण आले आणि म्हातारीची परडी, चपला, कमरेचा बटवा, दोघांचे फोन, सगळं एका पिशवीत घालून माझ्या हाती दिलं. नाव विचारलं तर घाबरले. मी म्हटलं, नको सांगू. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, पोलीसही करू शकत नाहीत. त्याआधी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं होतं. एवढं ऐकल्यावर त्यातला एक जण अपघात कुठल्या वळणावर झाला ते आपणहून सांगून गेला.

त्यानंतर मला वरच्या मजल्यावर जळालेल्या एका पेशंटच्या नातेवाइकांकडे जावं लागलं. खाली आले तेव्हा चौकीतला तरुण कॉन्स्टेबल माझी वाट बघत उभा होता. गाडीच्या नंबरवरून त्याने मालक शोधला होता. तो निघाला इचलकरंजीचा, आणि त्याने गाडी कधीच एजंटाला विकलेली. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, पण गाडी दोन-तीन हातांतून फिरते आणि कागदावर पहिलाच माणूस राहतो. अपघाताच्या रात्री त्या कागदाचा कुणाला काही उपयोग होत नाही. मुलाचा स्मार्टफोन लॉक, काच फुटलेली. लॉक न उघडता दिसेल असा आपत्कालीन नंबर स्मार्टफोनमध्ये घालता येतो. याच्या फोनमध्ये तो नव्हता. म्हातारीचा फोन मात्र साधा, बटणांचा. त्यात मोजके नंबर, आणि एकापुढे लिहिलेलं ‘घर’.

कॉन्स्टेबलने ‘घर’ला फोन लावला होता.

“बाई उचलली, अक्का. मी सांगितलं, कर्नाटक पोलीस बोलतोय, तुमच्या आदमीचा अ‍ॅक्सिडेंट झाला, हॉस्पिटलला पैसे घेऊन या. तिने कट केली. परत लावलं तर स्विच ऑफ.”

त्याला फार वाईट वाटत होतं. पण त्या बाईचं काय चुकलं? रात्री दीड वाजता अनोळखी नंबर, मोडकी मराठी, पोलीस असल्याचं सांगणं, अपघात, पैसे. फसवणुकीचे फोन नेमके असेच येतात. ‘तुमचा मुलगा पकडलाय’, ‘तुमचा नवरा दवाखान्यात आहे, एवढे पाठवा’ असल्या फोनपासून सावध राहा म्हणून पोलीसच गावोगाव सांगत फिरतात. ती सावध राहिली. अलीकडे हे आमच्याकडे सारखं होतंय. खरा निरोप खोटा वाटतो, आणि पहिल्या वाक्यात पैशाचा शब्द आला की पुढचं कुणी ऐकत नाही. मी तर पैशाचं फोनवर काढतच नाही.

मी म्हातारीजवळ बसले. तिला गाव सांगता आलं, आडनाव सांगता आलं, मुरगूड सांगता आलं.

“घरात कोण कोण हाय, आजी?”

“सून हाय. दोन पोरं. आमी मळ्यात ऱ्हातो. आजूबाजूला कोण न्हाई.”

म्हणजे सून एकटी, मळ्यातल्या घरात, दोन लेकरं घेऊन. फोन परत चालू झाला असता तरी मी तिला थेट लावला नसता. अशी बातमी ऐकणाऱ्या माणसाच्या शेजारी कुणीतरी उभं असलं पाहिजे. हातातला फोन गळून पडला तर उचलायला, पोरं उठली तर बघायला. महाराष्ट्रात त्यासाठी गावोगाव पोलीस पाटील आहे, १९६७ च्या कायद्याने नेमलेला. आमच्या बाजूला ती व्यवस्था नाही, पण पलीकडच्या गावाला निरोप द्यायचा असला की मला पहिल्यांदा तोच आठवतो.

मुरगूड ठाण्याला लावलं. अंमलदाराने आधी मलाच पारखलं. कुठून बोलताय, कुठलं हॉस्पिटल, चौकीतल्या पोलिसाचं नाव नि बक्कल नंबर काय. मग म्हणाला, ठेवा, मी हॉस्पिटलच्या लँडलाइनवर उलट फोन करतो. केलाही. असाच माणूस तिकडे असावा. त्याने गावच्या पोलीस पाटलांचा नंबर दिला आणि स्वतःही त्यांना फोन करून उठवतो म्हणाला.

पोलीस पाटील बाई होत्या. फोन उचलताच पहिला प्रश्न, “जीव हाय न्हवं?”

“आहे. मुलाच्या डोक्याला मार आहे, शुद्धीवर नाहीत, तपासणी चाललीय. आजींचा हात मोडलाय, त्या बोलतात.”

“बरं. मी एकटी जात न्हाई तिच्याकडं. आदी त्यांच्या चुलत्याला उठवते. मळ्यात कुत्रं हाय, ते चुलत्यालाच वळखतंय. तुमी फोन हातात धरून बसा.”

ही समज कुठल्या प्रशिक्षणात मिळते, मला माहीत नाही. मी एवढंच म्हटलं, की दार उघडल्यावर ‘काही नाही, थोडं लागलंय’ असं सांगू नका. तसं सांगितलं की माणसं निवांत निघतात, आणि इथं येऊन खरं कळलं की पुन्हा कुणावर विश्वास ठेवत नाहीत. ‘लागलंय जास्त, पण जीव आहे, आत्ता निघायचंय’, बस्स.

तेवढ्यात सीटी स्कॅन आला होता. मेंदूवर रक्त साचत होतं. न्यूरोसर्जन येऊन फिल्म बघत उभे होते. जीव वाचवण्याचं ऑपरेशन नातेवाईक नाहीत म्हणून कुणी थांबवत नाही, तशी नोंद करून डॉक्टर पुढे जातात. पण पेशंटचं आधीचं काहीच माहीत नव्हतं. म्हातारीला विचारलं तर ठामपणे म्हणाली, “माज्या लेकाला कसला रोग न्हाई. गोळी म्हून कसली न्हाई.”

फोन वाजला. पोलीस पाटील बाईंचाच नंबर, पण आवाज दुसरा. बारीक, घशात अडकलेला.

“मगाशी तुमीच लावलेला?”

“नाही, तो आमच्या पोलिसांनी लावला होता. तुम्ही बंद केलात ते बरोबरच केलंत. मी बेळगावच्या हॉस्पिटलमधून बोलते. आधी सासूबाईंशी बोला, मग माझ्याशी.”

मी फोन म्हातारीच्या कानाला लावला. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “पोरं निजल्यात का? निजू दे. त्यांना हितं आणू नगंस.” मग थोडं थांबून, “ये बाई बिगीबिगी.” एवढंच. फोन परत माझ्या हातात आला तेव्हा पलीकडचा आवाज बदललेला होता. आता ती माझं ऐकायला तयार होती.

मी म्हणाले, “तुमच्या नवऱ्यांचं ऑपरेशन करावं लागेल. डॉक्टर थांबणार नाहीत, तुम्ही पोचायच्या आधी सुरू होईल. मला एक सांगा, त्यांना कुठला आजार, कुठली गोळी?”

ती गप्प झाली. मग एकदम हळू आवाजात, “आत्याबाई ऐकत्यात काय?”

मी फोन घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये आले.

“गेल्या सालाला त्यांना अ‍ॅटॅक आल्ता. कोल्हापुरात स्टेंट घातलाय. आत्याबाईंस्नी सांगिटलं न्हाई, त्यांनी हाय खाल्ली असती. पुण्याला कामाला गेलोय म्हून सांगिटलं. दोन गोळ्या हायत्या, रक्त पातळ ऱ्हायच्या.”

“नावं आहेत?”

“पाकीट हितंच हाय. देवाच्या फोटोमागं.”

पोलीस पाटील बाईंनी पाकिटाचा फोटो काढून माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि मी तो घेऊन सर्जनकडे धावत गेले. त्यांनी एक नजर टाकली आणि तिथूनच रक्तपेढीला प्लेटलेटसाठी फोन लावला, भूलतज्ज्ञांना सांगितलं. नंतर त्यांनी मला समजावलं. अपघाताच्या पेशंटची रक्त गोठण्याची जी नेहमीची तपासणी होते, तिच्यात या गोळ्यांचा परिणाम दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि कवटी उघडल्यावर रक्त थांबता थांबत नाही. आधी कळलं तर निदान तयारीनं आत जाता येतं.

घरच्यांना कळवणं म्हणजे माणुसकीचा उपचार, उरल्या वेळात करायचं काम, असं आमच्या क्षेत्रातलेही पुष्कळ जण धरून चालतात. त्या रात्री औषधाचं पाकीट मळ्यातल्या देवाच्या फोटोमागे होतं, आणि ते कुठे आहे हे माहीत असलेली एकटी बाई फोन बंद करून बसली होती. तिच्यापर्यंत विश्वासाचं माणूस पोचलं नसतं तर तो फोन सकाळपर्यंत बंदच राहिला असता.

निघायच्या आधी मी चुलत्यांना मोजकं सांगितलं. गाडी तुम्ही चालवू नका, शेजारचा कुणी ड्रायव्हर घ्या. दोघांची आधारकार्डं, रेशनकार्ड, स्टेंटची फाईल. हॉस्पिटलच्या मुख्य दाराशी न जाता कॅज्युअल्टीच्या दाराशी या आणि पोलीस चौकीत माझं नाव सांगा. वाटेत कुणाचाही फोन आला, पैसे मागितले, तर द्यायचे नाहीत, आधी मला विचारायचं. पोलीस पाटील बाई मागून म्हणाल्या, पोरांजवळ मी झोपते, त्यांची काळजी नको.

ती मंडळी पहाटे पोचली तेव्हा ऑपरेशन चालूच होतं. सून आधी सासूकडे गेली. कॉन्स्टेबलने स्वतः खुर्ची आणली, चहा आणला, आणि तुटक मराठीत तिला म्हणाला, “मी फोन केलता ताई. भीती घातली तुमाला.” तिने मान हलवली, चहा घेतला.

तो माणूस वाचला. उजव्या हातात बरेच दिवस जोर नव्हता, बोलताना शब्द अडकायचे, पण चालत घरी गेला. स्टेंटचं म्हातारीला कधी आणि कसं सांगितलं ते मला ठाऊक नाही. डिस्चार्जच्या दिवशी ती मुलाच्या गोळ्यांची पिशवी स्वतःच्या बटव्यात कोंबत होती आणि सुनेला कुठली गोळी सकाळची, कुठली रात्रीची ते विचारत होती, म्हणजे कळलं असावं.

चौकीतला तो कॉन्स्टेबल आता पलीकडच्या पेशंटच्या घरी फोन लावायच्या आधी मला विचारतो. मी नसले तर डायरीतलं ठाणं शोधून आधी अंमलदाराशी बोलतो. मी त्याला सुरुवातीची चार वाक्यं मराठीत लिहून दिलीत: मी कोण, कुठून बोलतो, माणूस जिवंत आहे, आणि तुमच्याजवळ आत्ता कोण आहे. चौथं वाक्य त्याला फार पटलंय. उत्तर ‘कोणी नाही’ असं आलं तर तो पुढे काही सांगत नाही, शेजारच्याला बोलवा म्हणतो आणि फोन धरून थांबतो.

त्या पोलीस पाटील बाईंचा दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला होता. पेशंटची चौकशी झाल्यावर म्हणाल्या, आमच्या बाजूचे लई लोक तुमच्याकडं यायलेत यात्रेला, उसाला, बाजाराला. संध्याकाळपर्यंत त्यांनी आसपासच्या गावांतल्या सगळ्या पोलीस पाटलांची नावं आणि नंबर मला पाठवले. मी ते गावांप्रमाणे लावून डायरीत उतरवले, एक झेरॉक्स चौकीत भिंतीला लावली. आता चंदगड आणि गडहिंग्लजकडच्या गावांची यादी गोळा करतेय.