आमची वाटचाल: कुलरच्या टिनापासून साईड स्कर्टपर्यंत

हिंगणघाटहून जामकडे येताना हायवे सोडून गावरस्त्याला लागलं की आमचं टिनाचं शेड दिसते. बोर्डावर आता बॉडी किट (गाडीला बाहेरून लावायचे जादा भाग), साईड स्कर्ट (दाराखाली दोन चाकांच्या मधे लावायची लांब पट्टी), फायबर काम असं लिहिलंय पण जुने लोक अजून कुलरवाल्याचं दुकान म्हणूनच पत्ता सांगतात आणि ते खरंच आहे, सुरुवात तिथूनच झाली. बाबा उन्हाळ्यात कुलरच्या बॉड्या बनवायचे, बाकी वर्षभर ट्रॅक्टर ट्रॉलीचं वेल्डिंग, आणि कापूस निघायला लागला की ट्रॉलीच्या जाळ्या उंच करून देणं. मी आयटीआय केलं, नागपूरला एका बॉडी शॉपमध्ये चार वर्षं डेंटिंग-पेंटिंग शिकलो आणि परत आलो. आल्यावर फायबरचे कुलर, टेम्पोचे बंपर, तुटलेले बोनेट असं जे येईल ते केलं. फायबरची मॅट, ती चिकटवणारं रेझिन, ते कडक करणारं हार्डनर, सगळं हाताला तिथंच बसलं.

मग वणीकडचे एक भाऊ आले, कोळशाच्या ट्रान्सपोर्टमधले, फोर्डची सेकंड हँड मस्टँग स्पोर्ट्स कार घेऊन. ही गाडी भारतात 2016 ला विकायला आली, 5 लिटरचं व्ही8 इंजिन, ती शेडमध्ये शिरली तेव्हा आमच्याकडे सगळी कामं थांबली होती. डिकीत एबीएस प्लास्टिकचे साईड स्कर्ट, ऑनलाईन मागवलेले, काळे, एकेक जवळपास 1.8 मीटर लांब. नागपूरच्या दुकानात नंबर लागत नव्हता म्हणून कोणीतरी आमचं नाव सांगितलं. मी हो म्हटलं. असं काम आयुष्यात पहिल्यांदा हातात आलं होतं.

किट गाडीला जशीच्या तशी बसते असा समज असेल तर तो आधी काढून टाका. आमच्याकडे आलेला डावा स्कर्ट मागच्या चाकाच्या कमानीजवळ बोटभर उघडा राहात होता आणि मधे थोडा पिळलेला. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणे हीट गन मारा. हीट गननं पीळ गेला, फट गेली नाही. मग मी फायबरवाला माणूस, मला जे येत होतं तेच केलं, मॅट आणि पॉलिस्टर रेझिननं तो कोपरा वाढवला, घासून प्राइमर, रंग, एकदम कंपनीसारखं दिसलं. वरच्या काठाला पूर्ण लांबीत दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप, खाली दर फुटावर स्क्रू, मापात भोक, कचकचून आवळलेले. जानेवारीचा पहिला आठवडा होता, सकाळी शेडमध्ये शेकोटी लागत होती. भाऊ खूश, मी पण खूश.

मे महिन्यात फोन आला. "भाऊ, पट्टी पोटातून फुगली ना जी, अन् मागचा कोपरा तडकला."

गाडी आणली तर खरंच, दोन स्क्रूच्या मधे लाट आलेली, टेप सुटलेली, आणि मी वाढवलेला कोपरा पापडासारखा वेगळा झालेला. मला रात्री झोप नाही. सकाळी बाबा आले, खाली बसून बघितलं, आणि वर शेडकडे बोट दाखवलं. "टिनाला भोक मोठं काहून पाडतो आपण? ऊन लागलं का टिन वाढते, मंग हे तं प्लास्टिक आहे बाप्पा, याले तू जागाच नाही ठेवली."

तिथं माझं डोकं उघडलं. एबीएस लोखंडापेक्षा सहा-सात पट जास्त पसरते. डिसेंबर-जानेवारीत 10 डिग्रीला बसवलेला काळा पार्ट मे महिन्यात उन्हात 65-70 डिग्री होतो, 1.8 मीटरमागे 8 मिमीच्या आसपास वाढ, खालचा पत्रा वाढतो जेमतेम 1 मिमी. उरलेले 7 मिमी जाणार कुठे? पोटातून बाहेर. शिवाय ती टेप थंडीत नीट धरतच नाही आणि पूर्ण पकड यायला तिला 72 तास लागतात, मी त्याच संध्याकाळी गाडी सोडली होती. आणि पॉलिस्टर रेझिन एबीएसला नुसतं वरून चिकटते, आत धरत नाही. चुका तिन्ही माझ्या, पैसे न घेता सगळं काढलं आणि नव्यानं केलं.

आता आमची पद्धत अशी. रंगाआधी कोरडं फिटिंग, मास्किंग टेपनं लावून गाडी चाकांवर उभी ठेवून बघायचं, जॅकवर नाही, कारण वजन पडलं की चाक आणि कमानीतलं अंतर बदलते. एक स्क्रू बरोबर मध्यावर, तो फिक्स, त्याच्या दोन्ही बाजूची भोकं लांबट, टोकाला जास्त लांब, वॉशर मोठा, आणि स्क्रू आवळून मग थोडा सैल, म्हणजे पट्टी मध्यापासून दोन्हीकडे सरकते. टेप लावायची तर फक्त मधल्या पट्ट्यात. एबीएस वाढवायचं असलं तर एबीएसचेच तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली पेस्ट नाहीतर प्लास्टिक वेल्डिंग, फायबर फक्त फायबरच्या स्कर्टवर. पत्र्यात नवं भोक शक्यतो पाडायचंच नाही, कंपनीची क्लिपची जागा वापरायची, पाडलंच तर झिंक प्राइमर आणि आतून वॅक्स, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज.

आणि आपली काळी माती, ही गोष्ट कुठल्याच किटच्या कागदावर लिहिलेली नसते. पावसाळ्यात गावरस्त्याचा चिखल स्कर्टच्या मागं जाऊन बसतो, वाळला की सिमेंट, पाणी निघायची भोकं बंद आणि दाराखालचा पत्रा आतून सडतो. म्हणून आम्ही मागच्या टोकाला खालून फट ठेवतो, प्रेशरचं पाणी मारलं की माती बाहेर. जॅकची जागा कापून मोकळी करतो आणि बाण मारतो, कारण हायवेवरच्या पंक्चरवाल्याला काय माहीत, तो स्कर्टखालीच जॅक लावेल.

पोरं विचारतात, स्कर्टनं गाडी पळते का जास्त? रेसमध्ये याचा खरा उपयोग झाला, 1978 ला लोटस 79 या रेसच्या गाडीनं स्कर्टच्या जोरावर फॉर्म्युला वन गाजवलं, सरकणारे स्कर्ट 1981 ला बंद केले इतका फरक पडत होता. पण तिथं स्कर्ट जमिनीला टेकलेले असायचे. आपल्या रस्त्यावर ते दिसण्यासाठीच आहे आणि दिसण्यासाठी करणं काही वाईट नाही. ब्रेकरवर घासेल इतकं खाली मात्र मी करून देत नाही, कोणी दुप्पट पैसे दिले तरी. गाडीच्या मूळ मापाबाहेर जाणारं कामही नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आधी आरटीओत विचारून या म्हणतो. यात काही गिऱ्हाईकं गेली, जाऊ द्या.

आज शेडमध्ये आम्ही चौघं आहोत, महिन्याला दोन-तीन गाड्या स्कर्टच्या येतात, चंद्रपूर, यवतमाळ, एक तर आदिलाबादहून आली. कुलरचं काम पण चालूच आहे, मार्च लागला की बाबा अजून स्वतः टिन कापतात.

त्या वणीच्या भाऊंची मस्टँग दर मे महिन्यात येते, चहापाण्याला म्हणून, पण मी आधी खाली वाकतो. यंदा दुपारी दोनला उन्हात उभी करून मागच्या टोकाची फट मोजली, 3 मिमी शिल्लक होती, पट्टी सरळ. बाबांना हाक मारून दाखवली.