अॅब्लेशन केलं म्हणजे कायमचं बरं होतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण माझं अॅब्लेशन (म्हणजे हृदयाचे ठोके बिघडवणारी आतली जागा वायरीने निकामी करणं) झालंय म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच येतो. माझा उलटा प्रश्न, रिपोर्टवर नाव काय लिहिलंय? धडधड सगळ्यांना साधारण सारखीच वाटते हो, पण आतली भानगड वेगवेगळी असते आणि उत्तर सगळं त्यावर आहे.

माझं एव्हीएनआरटी होतं, म्हणजे मधूनच अचानक जोरात धडधड सुरू होण्याचा एक प्रकार. वरच्या कप्प्यांतला करंट खाली उतरतो त्या एव्ही नोडपाशी काहींना दोन वाटा असतात, एक जलद एक संथ, आणि करंट एकीने खाली दुसरीने वर असा गोल फिरत बसला की ठोके एकदम दीडशे-दोनशे, सुरूही बटण दाबल्यासारखं आणि बंदही तसंच. यात संथ वाट जाळतात. जांघेतल्या शिरेतून वायरी हृदयापर्यंत नेतात, मी जागी होते, भूल फक्त जांघेपुरती आणि वरून थोडं गुंगीचं औषध. मग मुद्दाम पेसिंग करून, म्हणजे वायरीतून बारीक करंट देऊन, धडधड आणायला बघतात, आणि एरवी नको तेव्हा येणारी माझी बया तिथे काही येईचना, सगळे खोळंबलेले, शेवटी सलाईनमधून औषध सोडलं तेव्हा आली! जाळताना छातीत जरा गरम वाटलं, बास. यात शंभरातले पंच्याण्णवच्या वर बरे होतात आणि बहुतेकांचं परत येत नाही. धोका म्हणाल तर नोड अगदी शेजारीच, त्यालाच चटका बसला तर पेसमेकर लागतो, पण शंभरात एखाद्याला, तेवढंही नाही.

एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, ज्यात वरचे कप्पे वेडेवाकडे थरथरतात, ते असेल तर मात्र माझ्यावरून अंदाज बांधू नका. तिथे एक वाट नसते. फ्रान्समध्ये बोर्दोच्या हायसागेर यांच्या टीमने 1998 मध्ये दाखवलं की गडबड बरेचदा फुफ्फुसांतून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होते, म्हणून मधल्या पडद्यातून पलीकडे जाऊन त्या तोंडांभोवती रिंगण करून करंट अडवतात, उष्णतेने, गारठवून, नाहीतर आता नवीन पल्स्ड फील्डने, म्हणजे विजेच्या अगदी छोट्या झटक्यांनी. पण एएफ काहींना परत येतं, दुसऱ्यांदा करावं लागतं, आणि जितकं जुनं, सतत चालू राहणारं तितकं अवघड. पहिले दोन-तीन महिने ठोके चुकले तरी फेल गेलं असं लगेच धरत नाहीत, जखम भरत असते.

आणि एएफवाल्यांची रक्त पातळ करायची गोळी. ठोके नीट झाले म्हणून ती परस्पर बंद करू नका, निदान दोन महिने तर ती लागतेच, पुढचं वय, बीपी, शुगर, आधी पक्षाघात झालाय का हे बघून डॉक्टर ठरवतात, म्हणजे ईसीजी एकदम छान असूनही ती चालूच राहू शकते. माझ्या सगळ्या गोळ्या सुटल्या खऱ्या, पण मला एएफ नव्हतंच ना.