आजारी ६५, बरा ६०

“आजारी ठरायला पासष्ट आणि बरे व्हायला साठ, हा हिशेब मला कोणी समजावून सांगेल का?” आज दुपारी आमच्या रुग्णगटाच्या फोनवरील बैठकीत एका बाईंनी अंथरुणात पडल्या पडल्या, मध्येच दम घेत, असे विचारले, आणि ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

विषय होता क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या दीर्घकालीन तीव्र थकव्याच्या आजारावरील ब्रिटनच्या ‘पेस’ या उपचार-चाचणीचा. ६४१ रुग्णांवरील या चाचणीने २०११ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम उपयुक्त असल्याचे सांगितले; परंतु शारीरिक क्षमतेच्या शंभरपैकी ६५ किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांना प्रवेश देऊन, २०१३ च्या विश्लेषणात ६० गुणांनाही त्या निकषावर ‘बरा’ मानले गेले. म्हणजे पाच गुणांनी खालावलेला रुग्णही त्या रकान्यात बरा! मूळ आराखड्यात ही मर्यादा ८५ होती.

ही विसंगती रुग्णांनी लावून धरली. ऑस्ट्रेलियातील एका रुग्णाच्या अर्जावरून २०१६ मध्ये ब्रिटनमधील न्यायाधिकरणाने चाचणीची आकडेवारी खुली करायला लावली आणि २०२१ मध्ये ‘नाइस’ या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटिश संस्थेने ठरावीक पायऱ्यांनी वाढवायचा हा व्यायाम आपल्या शिफारशींतून वगळला.

ज्यांना धड अर्धा तास बसवत नाही, त्यांनीच जर ही आकडेमोड तपासायची, तर छापण्यापूर्वी तपासणाऱ्यांनी नेमके काय पाहिले होते?