मांदेलीचं कूळ: या हंगामाच्या नोंदी

ऑगस्टात बोटी सुटल्यापासून मेअखेर बंदी लागेपर्यंत मी एकच कूळ धरून बसले होते, एन्ग्रॉलिडी. म्हणजे आपली मांदेली, काटी आणि तमिळनाडूकडे नेथिली म्हणून विकली जाणारी पांढरी बारीक मासळी. सगळे थव्याने फिरणारे, बहुतेक वीतभरही नसलेले. घोळ-पापलेटचे फोटो काढणारे आपले दोस्त या टोपल्यांकडे वळूनही बघत नाहीत. मला मात्र खात्री पटली आहे, की बंदरावर उभं राहून मासे ओळखायला शिकायचं तर याहून चांगलं कूळ नाही. इथे रंगावर विसंबता येत नाही. खवले इतके सैल, की जाळ्यातून टोपलीत येईपर्यंत निम्मे गळतात आणि त्यांच्याबरोबर चकाकीही जाते. उरतात हाडं आणि पर. ओळख पटवायची ती त्यांच्यावरून.

कुळाची खूण एकदा डोळ्यांत बसली की तारली-पेडव्यांच्या ढिगातूनही हे मासे वेगळे दिसतात. तारलीचं तोंड समोर उघडतं. यांचं नाकाड पुढे आलेलं, तोंड त्याच्या खाली आणि वरच्या जबड्याचं हाड डोळ्याच्या पार मागे गेलेलं. त्या नाकाडाच्या टोकात एक मऊ अवयव असतो, तो फक्त याच कुळात सापडतो. तो संवेदनेचं काम करतो असं मानतात.

माझ्या वहीतलं मांदेलीचं पान या हंगामात पूर्ण झालं. कॉइलिया दुसुमिएरी. वालांसिएन या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी १८४८ साली तिचं वर्णन केलं आणि नाव दिलं दुसुमिए या फ्रेंच व्यापारी-प्रवाशाचं, ज्याने हिंदी महासागरातले मासे गोळा करून पॅरिसच्या संग्रहालयाला पाठवले. रोज ताटात येणारा मासा, पण तो नीट बघायला मला बरेच महिने लागले. अंग मागे चाकूच्या पात्यासारखं निमुळतं होत जातं. पोटामागचा पर लांबच लांब, थेट शेपटीच्या छोट्या पराला जाऊन मिळतो. छातीच्या परातून दर बाजूला सहा लांब धागे निघतात. हे धागे टोपलीत कधीच दिसत नाहीत, कारण ओले असताना ते अंगाला चिकटून बसतात. पांढऱ्या उथळ ताटलीत बोटभर समुद्राचं पाणी घ्या, मासा त्यात सोडा आणि मऊ ब्रशने छातीजवळ हलकेच पाणी हलवा. धागे आपोआप सुटतात. माझं सगळ्यात आवडतं चित्र त्याच अवस्थेतलं आहे.

आणि ते ठिपके! डोक्याच्या खालच्या बाजूला आणि कुशीला सोनेरी-मोतिया ठिपक्यांच्या रांगा असतात. हे प्रकाश देणारे अवयव असल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. दहापट भिंगाखाली एकेक ठिपका वेगळा दिसतो. काटीत ते नाहीत, नेथिलीतही नाहीत. बर्फात ठेवलेल्या माशात ते लवकर फिके पडतात, म्हणून बोट लागल्या लागल्या गाठायला हवी. ज्या मावशींकडून मी नेहमी वाटा घेते, त्या आता माझ्यासाठी वरचे, न चेंगरलेले चार-पाच मासे बाजूला काढून ठेवतात. त्यांच्या नजरेला माझ्या भिंगाची गरजच पडत नाही. मिसळलेल्या टोपलीतून त्या मांदेली आणि काटी बोटांनीच वेगळ्या करतात.

साफ करताना पोटं उघडून बघायला लागले, त्यात बहुतेक वेळा जवळाच मिळाला. डोल या पिशवीसारख्या जाळ्याचं काम माहीत असेल तर हे जुळतं. डोल एका जागी बांधलेली असते आणि भरती-ओहोटीची ओढ जे आणेल ते पिशवीत भरते. त्यामुळे जवळा, त्याच्या मागावर आलेली मांदेली आणि बोंबील एकाच जाळ्यात येतात. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ जास्त, म्हणून मालही जास्त. भांगात, म्हणजे ओढ कमी असते त्या दिवसांत, गेलात तर टोपल्या अर्ध्याच. नव्याने सुरू करणाऱ्यांनी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरावेत.

काटीवर सर्वाधिक वेळ गेला आणि गंमतही सर्वाधिक आली. काटी म्हणून जे विकलं जातं ते थ्रिसा या प्रजातीतल्या (genus) अनेक जातींचं (species) मिश्रण असतं. आधी पोट बघायचं. अंगठा शेपटीकडून डोक्याकडे फिरवला तर पोटाच्या कडेला करवती धार लागते. हे टोकदार खवले गळ्यापासून मागपर्यंत सलग असतात. मग जबडा. वरच्या जबड्याचं हाड मागे कुठवर जातं, यावर माझी निम्मी वर्गवारी उभी आहे. थ्रिसा हॅमिल्टोनीचं हाड कल्ल्याच्या झाकणाच्या कडेपर्यंत थांबतं. थ्रिसा मिस्टॅक्सचं छातीच्या पराच्या मुळापर्यंत येतं. थ्रिसा सेटिरोस्ट्रिसचं तर पोटाच्या परालाही ओलांडून जाऊ शकतं. असा मासा पहिल्यांदा हाती आला तेव्हा ते हाड आहे की जाळ्याचा तुटका धागा, हे बघायला चिमट्याने उचलावं लागलं. हे लांब टोक मोडलेलंही असतं, म्हणून दोन्ही बाजू तपासाव्यात. एफएओने (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने) १९८८ साली छापलेली ओळख-किल्ली अजूनही हाताशी ठेवण्याजोगी आहे, फक्त त्यातली काही नावं आता बदलली आहेत.

नेथिलीच्या गटाचं पान अर्धंच आहे. मुंबईच्या बाजूला या कुळात मांदेलीचा भरणा, तर कर्नाटक-केरळ-तमिळनाडूकडे नेथिलीचा. म्हणून त्यासाठी वेंगुर्ल्याला गेले. कुशीवर रुपेरी पट्टा आणि पोटावर सुईसारखे थोडे काटे, तेही छातीचा पर आणि पोटाचा पर यांच्या मधेच. पोटामागचा पर पाठीच्या पराच्या खालीच सुरू होत असेल तर स्टोलेफोरस, पाठीचा पर संपल्यावर सुरू होत असेल तर एन्क्रॅसिकोलिना. एवढं जमतं. जातीपर्यंत अजून पोचले नाही, आणि चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा प्रजातीवर थांबणं मला बरं वाटतं.

फोटोंबद्दल थोडं. रुपेरी अंगावर सरळ फ्लॅश मारला की मधे पांढरा डाग पडतो आणि बाकी सगळं काळं. फ्लॅशपुढे बटर पेपर धरा. धाग्यांसाठी मागे काळं कापड आणि परांसाठी थर्माकोलच्या तुकड्यावर बारीक टाचण्या. शेजारी पट्टी हवीच. बाजूने एक फोटो पुरत नाही. एक जबड्याचा, एक पोटाच्या कडेचा, एक छातीच्या पराचा, असे तीन जवळून घेतले तरच पुढे कोणी नाव तपासू शकतं.

या हंगामापासून टोपल्यांत काय किती दिसलं तेही लिहायला लागले आहे. याच कुळातला पेरूचा एन्ग्रॉलिस रिंजेन्स १९७० साली १ कोटी २० लाख टनांच्या आसपास पकडला गेला होता. पुढे १९७२-७३च्या एल निनोत, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापतं त्या काळात, आधीच्या बेसुमार मासेमारीनंतर, तो उताराला लागला तो सावरायला अनेक वर्षं गेली. थव्याने राहणारा मासा भरपूर दिसत असतानाच मोजायला हवा, असं मला मनापासून वाटतं. माझ्या वहीतले आकडे ढोबळ आहेत, पण बंदर, तिथी आणि जाळ्याचा प्रकार प्रत्येक पानावर आहे.

बंदीच्या दोन महिन्यांत चित्रं शाईत पूर्ण करायची आहेत. नारळी पौर्णिमेनंतर दोन कामं. एक, याच कुळातला सेटिपिना शोधायचा. हाही काटीच्याच टोपलीत लपलेला असणार. त्याच्या छातीच्या पराचा पहिला किरण (पराची काडी) धाग्यासारखा वाढलेला असतो, तो बघा. दुसरं, डोल रात्री ओढतात तेव्हा बोटीवर जाऊन जिवंत मांदेली अंधारात बघायची. एका तांडेलांनी (बोटीच्या प्रमुखांनी) सोबत न्यायचं कबूल केलं आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडे कोणी असाल तर नेथिलीचे ते तीन जवळचे फोटो मला हवे आहेत, पट्टीसकट.