झडतीची रांग

आजही सुटताना हजेरी पंच करून झडतीच्या रांगेत ताटकळले. मशीन आत, झडती बाहेर, म्हणजे या वेळेचा पगार नाही. सकाळी मात्र जरा उशीर झाला की अर्धा दिवस कापतात. अमेरिकेत गोदामातल्या कामगारांनी याच कारणासाठी दावा लावला होता. रोजची २५ मिनिटं झडतीत जातात, असं त्यांचं म्हणणं. २०१४ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय एकमताने म्हणालं, या वेळेचे पैसे द्यायला मालक बांधील नाही. वाचून फार राग आला होता.

पुढे पॅकिंगमधल्या ताई होत्या. गेटवर किती सिक्युरिटीवाले आले नि गेले, ताई आहेत तिथेच आहेत. त्यांना पर्स टेबलावर रिकामी करायला लावली. गोळ्यांची पट्टी, रुमाल, घराची किल्ली. पॅडचं पाकीटसुद्धा सगळ्यांदेखत उघडून पाहिलं. ताईंनी अवाक्षर न काढता एकेक वस्तू परत भरली. चेन लावताना हात थरथरत होते.

आमचे निम्मे हाल कामामुळे नाहीतच, संशयामुळे आहेत. स्टूल मागितलं तर म्हणे कामचुकारपणा वाढेल. टॉयलेटला गेलं की सुपरवायझर घड्याळ बघतो, म्हणून आम्ही बायका पाणीच कमी पितो. मग जळजळ, ताप, खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले की वर ‘नाटकं करतात’ हेही ऐकायचं.

आणि ते मागचं दार! माल बाहेर जाईल म्हणून कायम कुलूप. तिकडे बघितलं की मला न्यूयॉर्कचा ट्रायँगल हा कपड्यांचा कारखाना आठवतो. २५ मार्च १९११ ला तिथे आग लागली. नवव्या मजल्यावरचं एक दार बंद होतं, कारण सुटताना सगळ्यांनी दुसऱ्या दाराने पर्स दाखवून जावं असा नियम. १४६ जीव गेले, बहुतेक तरुण मुली. खटल्यात मालकाला विचारलं, चोरी होते तरी किती? २५ डॉलरच्या वर नाही, हे त्याने कबूल केलं. तरी दोन्ही मालक निर्दोष सुटले. पुढे १९९१ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या हॅम्लेटला कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यात पुन्हा तेच: कुलूपबंद दारं, आग, २५ मृत्यू.

चोरी होतच नाही असं मी म्हणत नाही. झाली तर तपास करा, ज्याने केली त्याला धरा. त्यासाठी सगळ्यांना कोंडून कशाला ठेवायचं?

रांगेतच आमचं ठरलं. उद्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा. बायकांची झडती बाईनेच घ्यावी, तीही आडोशाला. पंच मशीन झडतीच्या पलीकडे बसवावं. शिफ्ट चालू असताना मागच्या दाराला कुलूप नको. हवा तर अलार्म लावा. पहिली सही ताई करणार आहेत, खालोखाल माझी.